पट्टा गुडघ्याला, भिस्त मांडीवर

गुडघ्याचं लिगामेंट दुखावलं की पहिली धाव असते ती नी ब्रेसकडे, म्हणजे पट्ट्याकडे. पण लिगामेंट कोणतं, यावर त्याचा उपयोग ठरतो. आतल्या बाजूचं, म्हणजे एमसीएल, फाटलं असेल तर बिजागरीचा पट्टा गुडघ्याला आत झुकू देत नाही आणि ते बहुधा शस्त्रक्रियेवाचून भरून येतं. कबड्डीत हमखास दुखावणाऱ्या एसीएलचं, म्हणजे गुडघ्याच्या मधोमध असलेल्या लिगामेंटचं, तसं नाही. त्याच्या शस्त्रक्रियेनंतर पट्टा वापरलेल्या आणि न वापरलेल्या रुग्णांची तुलना अनेक अभ्यासांत झाली. गुडघ्याच्या स्थैर्यात पुढे लक्षणीय फरक दिसला नाही.

मग डॉक्टर पट्टा देतात कशाला? मेनिस्कस, म्हणजे सांध्यातली गादी, शिवली असेल, किंवा मांडीचा स्नायू पाय सरळ धरू शकत नसेल, तर तो हवाच. सांगितला असेल तर मनाने काढू नका. बिजागरी वाटीच्या मध्याशी येते ना, तेवढं पाहा. पट्टा पोटरीकडे घसरला की आधार गेलाच. ‘पट्ट्याने धीर येतो,’ हेही खरं. पण मांडीचा पुढचा स्नायू दुखापतीनंतर काही आठवड्यांतच रोडावतो आणि तो पट्ट्याने नव्हे, व्यायामानेच भरतो. एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर मैदानात उतरायला साधारण ९ महिने थांबावं, तेही दोन्ही मांड्यांची ताकद फिजिओथेरपिस्टकडून मोजून घेऊनच.