पिलाचे पहिले चार महिने



भाद्रपदात गावची कुत्री माजावर येते आणि तिचे दिवस भरायला साधारण नऊ आठवडे लागतात. त्यामुळे कार्तिक-मार्गशीर्षात, दिवाळीच्या मागेपुढे, आपल्या भोर-वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवर कुठे पेंढ्याच्या गंजीआड, कुठे पडक्या गोठ्यात पिले वळवळू लागतात. पोरे त्यांतले एक उचलून घरी आणतात. आई दोन दिवस ओरडते, तिसऱ्या दिवशी तीच त्याला भाकरीचा कुस्करा घालते, आणि चौथ्या दिवशी त्याचे मोत्या नाहीतर वाघ्या असे नावही पडते. इतके सगळे होते, पण एक गोष्ट राहून जाते. त्या पिलाला कोणी डॉक्टरांना दाखवीत नाही. आज मला बोलायचे आहे ते याविषयीच. मी काही पशुवैद्य नव्हे, कॉलेजात शिकवणारा माणूस आहे. पण जे सांगणार आहे ते पशुवैद्यकातले साधे, सर्वमान्य असे आहे.

आपला मुलूख डोंगराचा. तोरणा-राजगडाच्या पायथ्याची वस्ती घ्या, नाहीतर रायरेश्वराच्या पठारावरची चार घरे घ्या. रात्री बिबट्याची चाहूल पहिल्यांदा लागते ती कुत्र्यालाच. भैरवनाथाचे वाहन म्हणून त्याला मान आहे आणि दत्ताच्या तसबिरीतही त्याला जागा आहे. पण लस टोचून आणा म्हटले, की एखादे आबा हमखास म्हणतात, "गुरुजी, माणसाला दवाखान्यात न्यायला सवड नाही, आणि कुत्र्याला कुठं नेता? शिवाय तो तर गुरांचा दवाखाना!"

आबांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. आपण त्याला गुरांचा दवाखाना म्हणतो आणि तिथे दारात बहुतेक गाई-म्हशीच उभ्या असतात. पण तिथला डॉक्टर कुत्र्याचेही शास्त्र शिकून आलेला असतो. आणि अवघड दुखण्यासाठी नीरा ओलांडली की पलीकडे शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहेच. वेल्ह्याकडच्या माणसाला मार्गासनी, आंबवणे करीत नसरापूरला उतरावे लागते, मग हमरस्ता लागतो. वाट लांब आहे, हे खरे. म्हणूनच कोणत्या कामासाठी केव्हा जायचे, हे नीट समजून घेतले पाहिजे.

आधी पिलू आणायचे केव्हा? आठ आठवड्यांचे होईपर्यंत ते आईपाशीच राहू द्यावे. गाय व्याल्यावर वासराला चीक पाजायचा असतो, हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. कुत्रीच्या पहिल्या दुधातही तसाच चीक असतो आणि त्यातून पिलाला आईची रोगप्रतिकारशक्ती मिळते. ही शक्ती काही आठवडे पुरते, मग हळूहळू ओसरते. गंमत अशी, की ती अंगात असेपर्यंत टोचलेली लस नीट लागू पडत नाही, आणि ती ओसरली की पिलू उघडे पडते. कोणत्या पिलाची शक्ती नेमकी केव्हा ओसरेल, हे बाहेरून कळत नाही. म्हणून पिलाला एकच लस देऊन भागत नाही. सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास पहिली, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढच्या, असे सोळा आठवडे पुरे होईपर्यंत चालते. "एकदा टोचलं होतं, तरी पिलू गेलं," असे कोणी म्हणाले, तर पुढचे डोस झाले होते का, हे आधी विचारावे.

या लसी कशासाठी? मुख्यतः दोन रोगांसाठी. एक डिस्टेंपर. त्यात ताप येतो, नाका-डोळ्यांतून घाण वाहते आणि पुढे झटके येतात. दुसरा पार्व्हो. हा रोग १९७८ च्या सुमारास जगभर पसरला. पिलाला उलट्या होतात, रक्ताचे जुलाब होतात आणि दोन-तीन दिवसांत ते आटोपते. लोक म्हणतात, दृष्ट लागली. दृष्ट नव्हे, रोग लागला. असे जुलाब दिसले, की झाडपाल्यात वेळ न घालवता पिलाला उबेत गुंडाळून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. त्याची जागाही पुढे जपावी लागते, कारण हा विषाणू जमिनीत महिनोन् महिने टिकतो. तिथे लगेच दुसरे पिलू आणून ठेवू नये.

दुसरी गोष्ट जंतांची. पिलाचे पोट नगाऱ्यासारखे दिसले, की आपण म्हणतो, बाळसे धरले. पुष्कळदा ते जंत असतात. हे जंत पिलू आईच्या पोटात असतानाच त्याच्यात शिरतात, आणि दुधातूनही येतात. म्हणून दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरवड्याला, आणि पुढे सहा महिन्यांचे होईपर्यंत दर महिन्याला जंताचे औषध द्यायचे असते. त्याचा डोस वजनावर ठरतो. गुरांच्या बाटलीतले अंदाजाने पाजू नये. गोचिडांचेही तेच. गोठ्यात मारायचे औषध किंवा रॉकेल पिलाच्या अंगाला चोळले, तर गोचिडाआधी पिलूच मरायचे. या जंतांची अंडी अंगणातल्या मातीत पडतात आणि तिथे खेळणाऱ्या मुलांच्या पोटात जातात. तेव्हा पिलाशी खेळून झाले, की मुलांनी साबणाने हात धुतलेच पाहिजेत.

आणखी एक सवय मोडायला हवी. जत्रेत बोकड पडतो. त्याच्या काळजात किंवा फुप्फुसात पाण्याच्या फोडासारख्या गाठी निघाल्या, की तो भाग कुत्र्यापुढे फेकतात. त्या गाठींतून कुत्र्याच्या पोटात एक बारीक पट्टकृमी वाढतो, आणि त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली, तर तशाच गाठी माणसाच्या यकृतात होतात. असा भाग खोल पुरून टाकावा.

पहिल्या भेटीत डॉक्टर काय करतात? वजन घेतात, ताप पाहतात, डोळे, दात, बेंबी, कातडी तपासतात, छातीला नळी लावतात. जाताना पिलाची ताजी विष्ठा डबीत घालून नेली, तर जंत तपासता येतात. पिलाला पाटीत गोणपाट घालून न्यावे. दवाखान्याच्या जमिनीवर सोडू नये, कारण तिथे आजारी जनावरे येऊन गेलेली असतात. डॉक्टरांकडून तारखांचे कार्ड मागून घ्यावे आणि ते रेशनकार्डाशेजारी ठेवावे, म्हणजे हरवत नाही.

आता सर्वांत महत्त्वाची लस, पिसाळण्यावरची, म्हणजे रेबीजची. ती साधारणपणे तीन महिने पुरे झाले की द्यायची, पुढचा डोस डॉक्टर सांगतील तेव्हा, आणि मग दरवर्षी न चुकता. हा रोग एकदा अंगात प्रकटला, की माणूस काय नि जनावर काय, वाचणे जवळजवळ अशक्य. जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे त्याने दगावतात, असा अंदाज आहे. माणसाला होणारा हा रोग शंभरांत नव्व्याण्णव वेळा कुत्र्याकडूनच येतो. बळी पडणाऱ्यांत लहान मुले पुष्कळ असतात. पिसाळलेले कुत्रे गोठ्यात शिरले, तर दुभती म्हैसही जाते.

इथे एक गैरसमज फार घातकी आहे. "पिलूच तर आहे, दात लागला तर काय होतंय?" असे आपण म्हणतो. पिलू लहान असले, तरी ते पिसाळू शकते. दात लागून रक्त आले काय किंवा नुसते ओरखडले काय, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. चुना, तिखट, हळद काही भरू नये. लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. मांत्रिकाकडे गेलेला एक दिवसही महागात पडतो. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याची जुनी भीती मनातून काढून टाका. ती पद्धत आपल्या देशात केव्हाच बंद झाली. आता लस दंडात देतात. जखम खोल असेल, तर जखमेतही औषध टोचतात. ठरलेल्या तारखा मात्र सगळ्या पुऱ्या कराव्या लागतात.

शिक्षक बंधुभगिनींनो, आता थोडे आपल्यासाठी. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चरने जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला ही लस टोचायला सुरुवात केली. पिसाळलेले कुत्रे चावलेला तो मुलगा वाचला. पाश्चर २८ सप्टेंबर १८९५ रोजी वारला, आणि तो दिवस आता जागतिक रेबीज दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी वर्गात ही गोष्ट जरूर सांगा. पण तेवढ्यावर थांबू नका. मुलांकडून गावातल्या कुत्र्यांची यादी करून घ्या: कोणाच्या घरचे, वय किती, टोचले की नाही. मुलांनी ते घरोघर विचारून आणावे, कुत्र्याला हात लावायला जाऊ नये. गावातल्या शंभरांपैकी सत्तर कुत्र्यांना लस मिळाली, तर रोगाची साखळी तुटते, असे जाणकार सांगतात. ही यादी घेऊन सरपंच डॉक्टरांकडे गेले आणि एक दिवस ठरवून त्यांना गावातच बोलावले, तर आबांची लांब वाटेची तक्रारही मिटेल.

पिलाला पोसायला आपण भाकरीचा हिशेब करीत नाही. त्या भाकरीच्या जोडीला पहिल्या चार महिन्यांत दवाखान्याच्या चार-पाच खेपा घाला. मोत्या पुढची दहा-बारा वर्षे तुमच्या अंगणात राखणीला बसणार आहे, आणि तुमची नातवंडे त्याच्या गळ्यात हात टाकून खेळणार आहेत. ते हात सुरक्षित राहावेत, म्हणून एवढे करा.