दहा वर्षांचे पत्ते
(वसंत व्याख्यानमाला, छत्रपती संभाजीनगर : व्याख्यानातील काही भाग)



परदेशात कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करणारी मुलं-मुली आता आपल्यापैकी अनेकांच्या घरात आहेत. इंग्रजीची परीक्षा, पदव्यांची पडताळणी, बँकेतली शिल्लक, सगळ्याची तयारी ही मुलं कसून करतात. आणि मग एका रात्री घरी फोन येतो, ‘‘आई, आपण गारखेड्यातली खोली कोणत्या महिन्यात सोडली गं?’’

हा प्रश्न किरकोळ नाही. कॅनडाच्या अर्जासोबतच्या ‘शेड्यूल ए’मध्ये अर्जदार गेल्या दहा वर्षांत, किंवा वयाच्या अठराव्या वर्षापासून, कुठे कुठे राहिला हे महिन्यानिशी लिहावं लागतं. यांपैकी जो काळ अलीकडचा तो धरायचा. मध्ये एकही महिना रिकामा चालत नाही, पोस्टाची पेटी पत्ता म्हणून चालत नाही. ऑस्ट्रेलियाचा ‘फॉर्म 80’ही दहा वर्षांचे पत्ते मागतो. अमेरिकेचा ‘डीएस-260’ त्याहून मागे जातो : वयाच्या सोळाव्या वर्षापासूनचा प्रत्येक पत्ता.

कारण सरळ आहे. त्या दहा वर्षांत एखाद्या देशात सलग सहा महिने राहिलात, तर कॅनडा तिथल्या पोलिसांचा दाखला मागतो. ऑस्ट्रेलिया एकूण बारा महिने धरतो. कोणाकडून दाखला घ्यायचा, हे पत्त्यांवरूनच ठरतं. शिवाय आधीच्या व्हिसाच्या अर्जात लिहिलेलं आता लिहिलेल्याशी ताडून बघता येतं. खोटी माहिती दिली असं ठरलं, तर कॅनडाच्या कायद्याच्या चाळिसाव्या कलमाखाली पाच वर्षं दार बंद होतं. आणि दूर बसलेल्या अधिकाऱ्याला विसरभोळेपणाही लपवाछपवीसारखा दिसू शकतो.

आपली मुलं अडखळतात ती ‘कायमचा पत्ता’ या सवयीमुळे. मुलगा हिंजवडीत नोकरीला, चार वर्षांत तीन खोल्या बदललेल्या. पण आधार, बँक, लायसन्स सगळीकडे वडिलांचं इथल्या सिडकोतलं घर. तो प्रामाणिकपणे तेच लिहितो आणि त्याच अर्जात खाली पुण्यातली नोकरी लिहितो. अर्जाला कुळाचं गाव नको असतं, वडिलांचं घरही नको असतं. आपण प्रत्यक्ष कुठे राहत होतो, तेवढंच हवं असतं.

कुठे राहिलात, असं विचारणं आपल्याला नवीनही नाही. निजामाच्या हैदराबाद संस्थानात, ज्यात हे शहरही होतं, सरकारी नोकरीसाठी ‘मुल्की’, म्हणजे संस्थानचा रहिवासी, असणं लागे, आणि बाहेरून आलेल्याला त्यासाठी पंधरा वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागे. आज आपण डोमिसाईल काढतो, तेव्हाही पंधरा वर्षांचाच पुरावा गोळा करतो. फरक एवढाच, की डोमिसाईलला शाळा सोडल्याचा दाखला, तलाठ्याचा कागद यांवर निभतं. परदेशाच्या अर्जात महिन्या-महिन्याचा हिशेब द्यावा लागतो.

आणि आपल्या शहरात पत्ता न हलताही बदलतो. शहराच्या सातारा परिसरातल्या एखाद्या कुटुंबाचं बघा. घर ग्रामपंचायतीत बांधलं, थोडा काळ ते सातारा-देवळाई नगर परिषदेत गेलं, मग महापालिकेत आलं. भिंत एक वीतही सरकली नाही, पण करपावत्या तीन संस्थांच्या. फेब्रुवारी 2023 मध्ये शहराचं नाव बदललं, सप्टेंबरमध्ये जिल्ह्याचं आणि विभागाचं. पासपोर्टवर औरंगाबाद, नव्या कागदावर छत्रपती संभाजीनगर. ही दोन गावं नाहीत, हे परदेशातल्या अधिकाऱ्याने कशावरून ओळखावं? माझं मत असं, की दोन्ही नावं लिहावीत, एका ओळीत खुलासा जोडावा आणि नावबदलाची अधिसूचना सोबत ठेवावी. पिनकोड मात्र न चुकता लिहा. शहराचं नाव बदललं तरी 431001 तेच राहिलं. जुन्या शहरातल्या, आडव्या रेघांनी जोडलेल्या तीन आकड्यांच्या घरक्रमांकांचंही तसंच : जसाच्या तसा उतरवा, ‘मंदिरासमोर’ लिहून भागवू नका.

भाड्याच्या घरांचा प्रश्न जास्त अवघड. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या पंचावन्नाव्या कलमानुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, ती जबाबदारी घरमालकाची. प्रत्यक्षात कितीतरी खोल्या निव्वळ बोलीवर दिल्या जातात. मग पाच वर्षांनी त्या खोलीचा पुरावा काय? बँकेतून पाठवलेलं भाडं, गॅसची पावती, वसतिगृहाची फी. हे कागद फेकू नका, एवढंच कळकळीने सांगतो.

सर्वांत जास्त थांबून विचार करावा असा प्रश्न स्त्रियांचा आहे. लग्नानंतर सासरचा पत्ता, बाळंतपणाला काही महिने माहेरी, नवऱ्याची बदली झाली की तिसरं गाव. माहेरचे ते महिने आपण ‘राहणं’ धरतच नाही. चार दिवसांची भेट वेगळी. पण सातव्या महिन्यापासून बाळ तीन महिन्यांचं होईपर्यंत ती तिथेच होती, तर मी म्हणेन, तो पत्ता लिहावा. लिहिल्याने अर्ज बिघडत नाही. पण दवाखान्याची कागदपत्रं एक गाव सांगतात आणि अर्ज दुसरं, तेव्हा प्रश्न उभे राहतात. आणि हे आठवायला तिच्यासोबत तिच्या आईने बसावं, कारण तारखा आईलाच ठाऊक असतात.

मराठवाड्यातली ऊसतोडणीवरची माणसं मला इथे आठवल्याशिवाय राहत नाहीत. दसरा-दिवाळीनंतर गाव सोडायचं, कारखान्याच्या तळावर कोपीत, म्हणजे झोपडीत, राहायचं, गाळप संपलं की परतायचं. दरसाल दोन पत्ते, आणि त्यातल्या एकाला घरक्रमांकच नाही. त्यांच्या घरातली एखादी मुलगी नर्सिंग शिकून उद्या असाच अर्ज भरेल. बारा-तेरा वर्षांची असताना ती कुठे होती, हे कॅनडा विचारणार नाही. पण अमेरिकेचा अर्ज सोळाव्या वर्षापासून विचारेल, आणि तेव्हा ती कदाचित आईबापांसोबत तळावरच असेल. तिने तो तळ लिहावा : कारखान्याचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत. तिथे ती खरंच राहिली आहे.