माहेरचा आजार : दडवायचा की सांगायचा?

(भंडारा जिल्ह्यातील कार्यकर्त्या व आशाताईंसमोर केलेले भाषण, थोडक्यात)



शुगरची बिमारी फक्त खात्यापित्या घरची, असे आता कोणी म्हणू नये. धानाच्या बांधीत रोवणी करणाऱ्या आणि दिवसभर बसून बिड्या वळणाऱ्या बायांनाही मधुमेह होतो. 2010 साली केंद्र सरकारने मधुमेह, कॅन्सर, हृदयविकार यांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम आणला, तेव्हा पहिल्या 100 जिल्ह्यांत आपला भंडारा होता.

आज आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा सी-बॅक फॉर्म भरतात. त्यात एक प्रश्न असतो : आईवडील, भाऊबहीण यांपैकी कोणाला मधुमेह, बीपी किंवा हृदयरोग आहे का? उत्तर ‘हो’ असेल तर 2 गुण. समजा, एका बाईचे वय 42, म्हणजे 2 गुण. कंबर 84 सेंटिमीटर, 1 गुण. झाले 3. माहेरी आईला शुगर आहे हे तिने सांगितले, तर 5. गुण 4 च्या वर गेले की तिची तपासणी आधी व्हायला हवी. सांगितले नाही, तर ती मागे पडते.

ती सांगत का नाही? कारण फॉर्म सासरच्या ओसरीवर भरला जातो. सासू शेजारी बसलेली असते. ‘रोग घेऊन आली’ हा टोमणा तिला ठाऊक असतो. मुलगी उजवायची असली की आईसुद्धा स्वतःची गोळी डब्यात लपवते. मुलाच्या घरची शुगर मात्र कोणी विचारत नाही. आनुवंशिकता आईकडून येते तशीच बापाकडूनही येते. दोघांनाही मधुमेह असेल तर धोका वाढतो. यात बाईचा दोष कुठे आला?

दुसरी खूण रक्तात असते. काही जणांच्या शरीरातील संरक्षक यंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींवर उलटते. तेव्हा रक्तात जीएडी अँटीबॉडी सापडू शकतात. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका मोठ्या अभ्यासात, 25 ते 65 वयाच्या नव्या मधुमेही रुग्णांपैकी सुमारे 10 टक्के लोकांत त्या आढळल्या. सुरुवातीला ‘गोळ्यांचा मधुमेह’ समजलेल्या यांच्यापैकी अनेकांना, विशेषतः तरुणांना, पुढे लवकर इन्सुलिन लागले. घरात कोणालाच शुगर नसली तरी हा प्रकार होऊ शकतो.

ही तपासणी सर्वांना लागत नाही. पण बाई सडपातळ आहे, वजन उतरत चालले आहे, गोळ्या नियमित घेऊनही साखर आटोक्यात येत नाही, तर ‘पथ्य पाळत नाहीस’ म्हणून तिलाच बोलू नका. ‘अँटीबॉडी तपासायची गरज आहे का?’ असे डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन सांगितले असेल तर कोणाच्या भरीला पडून ते बंद करू नका. जिवावर बेतू शकते.

लक्षात ठेवा, घराण्याचा इतिहास आणि अँटीबॉडी या खुणा आहेत, निकाल नाही. निदान रक्तातल्या साखरेवरूनच होते : उपाशीपोटी 126 किंवा त्याहून जास्त, लक्षणे नसतील तर पुन्हा तपासून खात्री करायची.

म्हणून आशाताईंनो, हा प्रश्न बाईला एकटीला विचारा, आणि माहेरचेच विचारा. सासूसासऱ्यांची शुगर तिच्या गुणांत धरू नका. ती तिच्या नवऱ्याच्या फॉर्मात लिहा. आणि बायांनो, बचत गटात बसाल तेव्हा आपापल्या आईची, मावशीची, मामाची बिमारी मोकळेपणाने सांगा. ही माहिती आपल्या उपचारासाठी आहे. लग्नाच्या बाजारात आपल्या मुलींची किंमत पाडण्यासाठी ती कोणालाही वापरू देऊ नका.