दर्यापलीकडची तडजोड आणि आपली कपाशी
(दहिसर येथील बैठकीतील भाषण)



दहिसरला कपाशी पिकत नाही. मग इथे कापसाची गोष्ट कशाला? एक तर तुमच्यापैकी पुष्कळांचा सातबारा अजून गावाकडे आहे. दुसरे, मघापासून ही जी लोकल धडधडते आहे तो मार्ग बी.बी.सी.आय. कंपनीने टाकला, आणि गुजरातचा कापूस मुंबई बंदरात आणणे हा त्यामागचा मोठा हेतू होता. 1864 साली गाडी ग्रँट रोडला पोचली, तेव्हा मुंबईत कापसाची तुफान तेजी होती. कारण लढाई अमेरिकेत चालू होती.

1861 साली अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांत युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली. लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या. दक्षिणेच्या मळेवाल्यांचा हिशोब सरळ होता: कापसासाठी इंग्लंड आपल्याला मान्यता देणारच. इंग्लंडने दिली नाही. उत्तरेशी लढाई परवडणारी नव्हती, तिकडून गहू येत होता, गुलामगिरीविरुद्ध लोकमतही होते. आणि तूट भरायला गुजरात-वऱ्हाड-खानदेश हाताशी होते.

1865 साली लढाई संपली आणि भाव कोसळला. मुंबईचा शेअरबाजार बुडाला, ते सगळे सांगतात. शेतकऱ्याचे कोण सांगतो? तेजीत सावकाराने सैल हाताने कर्ज दिले होते. 1867 पासून इंदापूरकडे सरकारने सारा वाढवला. भाव गेला; कर्ज आणि सारा राहिला. मे 1875 मध्ये सुप्याला सावकारांचे दस्त जाळले गेले, त्यामागे हेही होते.

पुढचा प्रसंग नोव्हेंबर 1992 चा. वॉशिंग्टनच्या ब्लेअर हाऊसमध्ये अमेरिका आणि युरोप बसले. भांडण तेलबियांच्या अनुदानाचे. तडजोड झाली आणि तीच गॅटच्या शेती कराराचा पाया ठरली. शेतकऱ्यांना थेट द्यायची काही अनुदाने दोघांनी कपातीतून वगळून घेतली. वर 2003 अखेरपर्यंत 'शांततेचे कलम', म्हणजे अशा अनुदानांविरुद्ध दाद मागणे अवघड. अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्ध ब्राझील 2002 साली भांडला आणि जिंकला. 2014 साली अमेरिकेने 30 कोटी डॉलर देऊन तंटा मिटवला. पैसे ब्राझीलला. यवतमाळच्या कापूसवाल्याला छदामही नाही.

ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे शुल्क 50 टक्क्यांवर नेले. त्याच महिन्यात दिल्लीने कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क उठवले, आधी सप्टेंबरअखेर, मग डिसेंबरअखेर. म्हणजे ऐन वेचणीत! कापडवाल्यांना आधार हवा होता, मान्य. पण तो कपाशीवाल्याच्या खिशातून का?

आम्ही कृषीची पदवी घेतली तेव्हा बोंडअळी ओळखायला शिकलो. भावाला लागणारी अळी कोणी दाखवली नाही. ती दिल्ली-वॉशिंग्टनच्या टेबलावर असते, आणि त्या टेबलाशी गिरणीवाला, व्यापारी बसलेला असतो. शेतकरी नसतो.

आम्ही व्यापाराच्या विरोधात नाही. दारे उघडा, पण दोन्ही बाजूंनी. आमची मागणी एवढीच: आयात-निर्यातीचे धोरण पेरणीआधी जाहीर करा, माल विकून होईपर्यंत बदलू नका. बदललेच तर भावातला फरक सरकारने भरावा.

इथल्या हायवेवरची जकात 1 जुलै 2017 ला गेली. व्यापाऱ्याला तारीख आधी कळली होती. शेतकऱ्यालाही तारीख आधी कळली पाहिजे. हा ठराव आज इथे मांडतो आहोत. हात वर करा.