पेशीचा सांगाडा आणि रेबीजची वाट

(कळंबोलीतील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

कुत्रा चावला की घरात पहिला प्रश्न येतो, "पाळलेला होता का रस्त्यावरचा?" दुसरा, "इंजेक्शनं किती घ्यावी लागतील?" आणि मग कुणीतरी म्हणतं, "एवढंसं तर खरचटलंय, उद्या बघू." आज मला त्या 'उद्या'बद्दल बोलायचं आहे. त्यासाठी थेट पेशीच्या आत शिरावं लागेल.

पेशी म्हणजे नुसती पाण्याची पिशवी नव्हे. तिच्या आत प्रथिनांच्या धाग्यांचा सांगाडा असतो. सर्वांत बारीक धागे अ‍ॅक्टिनचे, 7 नॅनोमीटर जाडीचे. मधल्या जाडीच्या धाग्यांत केराटिन येतं. त्यावर इथून जवळच, खारघरच्या कर्करोग संशोधन केंद्रात, अ‍ॅक्ट्रेकमध्ये, कर्करोगाच्या अंगाने बरंच संशोधन झालं आहे. आणि तिसऱ्या, 25 नॅनोमीटर जाडीच्या, आतून पोकळ सूक्ष्मनलिका. आज आपलं काम आहे ते मुख्यतः या नलिकांशी.

कळंबोलीकरांना त्या लवकर कळतील. लोखंड बाजारातून निघालेले ट्रेलर जसे ठरलेल्या रस्त्याने ठरलेल्या दिशेला जातात, तशी पेशीतली मालवाहतूक या नलिकांवरून चालते. कायनेसिन नावाचं प्रथिन माल बहुतेक वेळा पेशीच्या कडेकडे नेतं, डायनिन केंद्राकडे आणतं. आपल्या कमरेजवळच्या मज्जारज्जूत असलेल्या एका चेतापेशीचा तंतू थेट पायाच्या बोटापर्यंत पोहोचतो, म्हणजे एकाच पेशीची लांबी जवळजवळ मीटरभर! एवढ्या अंतरावर माल आपोआप तरंगत पोहोचणं अशक्य. ही वाहतूक थांबली, तर ती पेशी जगत नाही.

रेबीजचा विषाणू बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा, सुमारे 180 नॅनोमीटर लांब. त्याच्याकडे स्वतःचं इंजिन नाही. चाव्यातून तो स्नायूत उतरतो, चेतातंतूच्या टोकाशी असलेल्या ग्राहकांना, म्हणजे रिसेप्टर प्रथिनांना, चिकटतो आणि छोट्या पिशवीत बसून आत जातो. डायनिन ती पिशवी इतर मालासारखीच उचलतं. त्यातल्या एका ग्राहकाचं नाव पी75. चेतापेशीला जगवणाऱ्या वाढघटकाचा निरोप आत नेणं हे त्याचं नेहमीचं काम. तेल अवीवच्या संशोधकांनी 2014 साली दाखवलं की रेबीज या ग्राहकाला धरून प्रवास करतो तेव्हा ती वाहतूक नेहमीपेक्षा वेगाने होते. परक्याला नुसती जागा मिळत नाही, तर गाडीच जोरात हाकली जाते. मला ही या विषयातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वाटते.

हा प्रवास नलिकांवरूनच होतो, हे कशावरून? इथे आपल्या डोंगरातली एक वनस्पती आठवते. येत्या पावसाळ्यात कर्नाळ्याच्या बाजूला गेलात तर कुंपणावर चढलेली कळलावी दिसेल. पाकळ्या वर वळलेल्या, खाली पिवळ्या, टोकाला लालभडक. तिचा कंद विषारी, कारण त्यात कोल्चिसिन असतं. कोल्चिसिन सूक्ष्मनलिकांच्या विटांना, म्हणजे ट्युब्युलिनला, चिकटतं आणि नलिका उभ्या राहू देत नाही. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधले संशोधक त्सिआंग यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस उंदरांच्या पायाच्या चेतातंतूवर असं औषध वापरलं. विषाणूची मेंदूकडची वाट अडली.

मग माणसालाही हेच द्यावं, असं कुणाच्याही मनात येईल. पण तुमच्या बाल्कनीतल्या सदाफुलीपासून मिळणारं विन्क्रिस्टीनही याच नलिकांवर घाव घालतं. कर्करोगात ते अनेकांचे प्राण वाचवतं, पण हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो, कारण चेतातंतूंची स्वतःची वाहतूकच कोलमडते. रस्ता आपला आहे. विषाणूसाठी तो बंद केला की आपल्यासाठीही बंद होतो.

सगळेच विषाणू नलिकांवर थांबत नाहीत. कोल्हापूर-सोलापूरकडे म्हशींच्या सडांवर आणि धार काढणाऱ्यांच्या हातांवर पुरळ उठवणारा, देवीच्या लशीतल्या व्हॅक्सिनिया विषाणूचा भाऊबंद आहे. व्हॅक्सिनिया नलिकांवरून पेशीच्या कडेला येतो आणि तिथे स्वतःखाली अ‍ॅक्टिनची शेपटी वाढवायला लावून शेजारच्या पेशीत ढकलला जातो.

रेबीजकडे परत येऊ. चेतातंतूत शिरला की तो दिवसाला साधारण 5 ते 10 सेंटिमीटर सरकतो. तरीही लक्षणं बहुधा दोन-तीन महिन्यांनी येतात, कारण बऱ्याचदा तो आधी स्नायूत रेंगाळतो. कधी मात्र आठवड्यातच आजार दिसतो. चावा चेहऱ्यावर असेल तर अंतरच कमी. लक्षणं दिसल्यावर वाचणं जवळजवळ अशक्य. म्हणून त्याला रस्त्यावर चढण्याआधीच गाठायचं. साबण आणि वाहत्या पाण्याने जखम 15 मिनिटं धुवायची. विषाणूचं आवरण चरबीचं असतं, साबणाने ते फुटतं. रक्त आलं असेल तर जखमेत आणि भोवती इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडं, टोचायची. आणि त्याच दिवशी लशीचा पहिला डोस, दंडात. पोटातली चौदा इंजेक्शनं कधीच बंद झाली आहेत, पण त्यांची भीती अजून लोकांना घरी बसवते, याचं मला फार वाईट वाटतं.

मेंदूत वाढल्यावर विषाणू चेतातंतूंच्याच वाटेने उलटा, लाळग्रंथींकडे निघतो. लाळेत तो आला की कुत्रा थोड्याच दिवसांत दगावतो. म्हणून चावलेल्या कुत्र्यावर 10 दिवस लक्ष ठेवायला सांगतात. लस मात्र त्या 10 दिवसांची वाट न पाहता सुरू करायची. तोपर्यंत कुत्रा ठणठणीत राहिला, तर पुढच्या डोसांचं काय करायचं ते डॉक्टर सांगतील.