सायकलवरून पावसातली रत्नागिरी

पावसाळ्यात रत्नागिरी बघायची तर सायकलवरून बघावी. गाडीच्या काचेतून पाऊस तेवढा दिसतो, गाव राहून जातं. मात्र इथले चढ छातीवर येतात आणि उतारावर ओले ब्रेक उशिरा लागतात, म्हणून घाई करू नये.

सुरुवात मांडवीच्या किनाऱ्यावरून करावी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या विसावलेल्या आणि समोर गढूळ, खवळलेला समुद्र. तिथून टिळक आळी. १८५६ साली लोकमान्य जन्मले ते कौलारू घर बघावं. मग पतितपावन मंदिर. भागोजीशेठ कीरांनी ते १९३१ साली बांधलं, तेव्हा सावरकर या जिल्ह्यात स्थानबद्ध होते. ती स्थानबद्धता १९२४ ते १९३७ अशी चालली.

त्याआधीचा बंदी वरच्या टेकडीवर होता. थिबा राजवाड्याचा चढ दमवतो. सायकल हातात धरून चालावं. ब्रह्मदेशच्या या राजाला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी इथं आणलं. राजवाडा बांधून झाला १९१० साली. १९१६ मध्ये राजा इथंच वारला. तीस वर्षांत मायदेश पुन्हा दिसला नाही.

सर ओसरली की वरून भाट्याची खाडी आणि समुद्र दिसतो. याच समुद्रानं त्याला इथं आणून सोडलं. आपण मात्र सायकलवर बसून मनाला येईल तेव्हा उतार उतरतो. हे मोकळेपण केवढं मोठं, ते त्या टेकडीवर कळतं.