‘पारंपरिक’ या पाटीआड

(रायगड किनाऱ्यावरील साहित्यमेळाव्यातील अध्यक्षीय भाषण)

दूरचित्रवाणीवर लेखकाचे नाव गाळण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ‘पारंपरिक’ ही पाटी. उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्याला ती चांगली परिचयाची आहे. नाचाच्या कार्यक्रमात होडी आणि वल्हे दिसले की पडद्यावर ‘कोळीगीत’ एवढेच उमटते, जणू गाणे भरतीबरोबर किनाऱ्याला लागले. ‘मी डोलकर’ आणि ‘वादळ वारं सुटलं गो’ ही गाणी शान्ता शेळके यांनी लिहिली, हृदयनाथ मंगेशकर यांनी स्वरबद्ध केली. शान्ताबाई इंदापूरच्या, १९९६ च्या आळंदी साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष. त्यांचे निधन २००२ मध्ये झाले. भारतात साहित्यकृतीवरील हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६२ अखेरपर्यंत आहे. त्या गाण्यांना लोकगीत म्हणणारा निवेदक कोळीवाड्याचा गौरव केल्याचा आव आणतो आणि कवयित्रीचे नाव खोडतो.

खरोखर पारंपरिक असलेल्या गाण्यांची गोष्ट वेगळी, पण तिथेही वाहिनीला मोकळे रान नाही. आगरी लग्नातले धवले कोणा एकाचे नाहीत. त्यांच्यावर कोणी मालकी सांगू नये. मात्र कॅमेऱ्यासमोर ते गाणारी धवलारीण हाडामांसाची बाई असते. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ३८-ब आले आणि सादरकर्त्याला आपली ओळख सांगितली जाण्याचा हक्क मिळाला. ‘गावातील महिला’ ही ओळख नव्हे. जो अभ्यासक वर्षानुवर्षे मांडवात बसून धवले उतरवून घेतो, त्यांची जुळणी करतो, प्रस्तावना आणि टिपा लिहितो, त्याच्या प्रस्तावनेतली आणि टिपांमधली वाक्ये त्याची असतात. ती निवेदिकेच्या तोंडी घालताना पुस्तकाचे नाव घेण्याने कार्यक्रमाचा कोणता वेळ वाया जातो, हे एकदा निर्मात्यांनीच सांगावे.

कायदा अपुरा आहे, ही सबब अर्धीच खरी. १९५७ च्या कायद्यातील कलम ५७ नुसार, हक्क विकून टाकल्यावरही ‘ही कृती माझी’ असे म्हणण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो आणि २०१२ पासून त्याचे वारसही तो बजावू शकतात. त्याच वर्षी आलेले कलम ३१-ड वाहिन्यांना प्रकाशित गाणी ठरलेल्या दराने प्रसारित करण्याचा परवाना देते, पण लेखकाचे व मुख्य कलावंताचे नाव जाहीर करण्याची अट घालते. या अटीला एक भोक आहे: वाहिनी स्वतः ती कृती सादर करत असेल तर सूट. रिॲलिटी शोच्या वकिलांना हे भोक नक्कीच ठाऊक असणार. तरी कलम ५७ ला ते लागू नाही.

कल्पनेच्या बाबतीत मात्र लेखकाची बाजू लंगडी आहे, आणि हे लपवण्यात अर्थ नाही. आर. जी. आनंद यांनी आपल्या ‘हम हिंदुस्थानी’ नाटकावरून १९५६ चा ‘न्यू दिल्ली’ चित्रपट उचलल्याचा दावा केला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते हरले. विषय, कल्पना, ऐतिहासिक घटना यांवर कोणाचा हक्क नसतो, मांडणीवर असतो. त्यामुळे कान्होजी आंग्र्यांवर मालिका काढायला कोणाची परवानगी लागत नाही. शां. वि. आवळसकरांचे ‘आंग्रेकालीन अष्टागर’ चाळून त्यातली माहिती घेतली तर न्यायालय काही करणार नाही. पण श्रेयनामावलीत त्या पुस्तकाचे नाव न घालणे हा अप्रामाणिकपणाच. कायद्याच्या कक्षेत न येणारी प्रत्येक गोष्ट सभ्यतेच्या कक्षेत बसतेच असे नाही.

वाहिनीपुढे विश्वासाने मांडलेल्या संकल्पनेला मात्र संरक्षण मिळू शकते. सनडायल कम्युनिकेशन्सने झी टेलिफिल्म्सविरुद्ध अशीच तक्रार केली, तेव्हा २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मालिकेवरची मनाई कायम ठेवली. गोपनीयतेचा भंग हा त्यातला कळीचा मुद्दा होता.

श्रेय देणे टीव्हीला जमत नाही, असे मुळीच नाही. चिं. वि. जोशींच्या निधनानंतर कित्येक वर्षांनी मुंबई दूरदर्शनने चिमणराव-गुंड्याभाऊ पडद्यावर आणले. रणजित देसाईंच्या ‘स्वामी’वरही मालिका झाली. लेखक कोण, हे प्रेक्षकांना ठाऊक होते. आजच्या मालिकांच्या शेवटी साड्यांच्या दुकानाचे, दागिन्यांच्या पेढीचे नाव ‘सौजन्य’ म्हणून झळकते. पैठणीला जे मिळते ते कवीला का नाही?

बातम्यांतला प्रकार अधिक निगरगट्ट आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळले. अशा वेळी पहिली माहिती तालुक्याचा वार्ताहर देतो. त्याची बातमी मुंबईच्या स्टुडिओत ‘सूत्रांच्या माहितीनुसार’ होऊन येते. घटना कोणाची मालमत्ता नाही, हे मान्य. त्याने रचलेली वाक्ये जशीच्या तशी वाचणे मात्र वेगळे. नोकरदार पत्रकारांनाही फारसे माहीत नसलेली तरतूद कलम १७ मध्ये आहे: वेगळा करार नसेल तर वृत्तपत्राच्या मालकाकडे मजकूर नियतकालिकात छापण्यापुरताच हक्क जातो, बाकीचे हक्क लिहिणाऱ्याकडे राहतात.

इथे लेखकांच्या ढिलाईलाही बोल लावणे भाग आहे. ‘पैसे नाहीत, पण प्रसिद्धी मिळेल’ या वाक्यावर फोनवरूनच होकार देण्याची सवय या किनाऱ्यावर फार. कॉपीराइट कृती लिहिताक्षणीच मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. तरी साहित्यकृतीच्या नोंदणीचे शुल्क ५०० रुपये आहे आणि वादात तो कागद उपयोगी पडतो. संहिता हाती देण्याऐवजी ईमेलने पाठवली की तारीख आपोआप राहते. हक्काचे हस्तांतर लेखी नसेल तर ते ग्राह्य नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर कलम १९ ती पाच वर्षांची मानते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. गावोगावच्या साहित्य मंडळांनी कराराचा एक साधा मराठी नमुना छापून ठेवावा आणि त्यात पडद्यावर नाव कुठे, किती वेळ आणि कोणत्या शब्दांत येईल याचे कलम मानधनाच्या कलमाच्या वर टाकावे.